खालचा उजवा हात

सव्वीस वर्षे ओतारी त्या गल्लीत शिरला नव्हता. बाजारात जायचे तर लांबचा वळसा घ्यायचा, गुडघे कुरकुरले तर कुरकुरू द्यायचे, पण गल्ली टाळायची. गल्लीच्या टोकाला माधवाचे देऊळ होते आणि त्यातली मूर्ती याच्याच हातची होती.

"काका, देव काय चावतो का?" पुतण्या म्हणाला.

पुतण्या चाळिशीचा गडी. पितळेच्या मूर्ती ओतायची भट्टी आता तोच चालवायचा, काका मेणाचे काम तेवढे करायचा: मूर्ती आधी मेणात घडवायची, मग तिच्यावरून धातूत ओतायची. आदल्या दिवशी पाय मुरगळला म्हणून पुतण्या सुजलेला घोटा बादलीत बुडवून बसला होता आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना कामाला लावत होता.

"चार हातांची मापं घ्यायची आहेत फक्त. कुणीतरी देवाला चांदीचे पंजे चढवतंय. अर्ध्या तासाचं काम."

"दुसऱ्याला धाड."

"दुसरं कोण आहे इथे? मी असा लंगडा, आणि मांजराला टेप धरता येत नाही. शिवाय मूर्ती तुमची. तिचे हात तुमच्याइतके कुणाला पाठ असणार?"

ओताऱ्याने टेप खिशात घातली आणि निघाला. बायकोला काही सांगितले नाही. ती रोज सकाळी त्याच देवळात जायची, ऊन असो की पाऊस. तो कधी तिला अडवायचा नाही आणि ती कधी त्याला चला म्हणायची नाही. या एका गोष्टीवरून नवराबायकोत कधी भांडण झाले नव्हते. बाकी सगळ्या गोष्टींवरून झाले होते.

हातांची भानगड इथेच सांगून टाकलेली बरी, नाहीतर पुढचे कळायचे नाही. विष्णूची चोवीस रूपे. चोविसांचा चेहरा एकच, मुकुट एकच, उभे राहायची ढबही एकच. चार हातांत वस्तूही त्याच चार: शंख, चक्र, गदा आणि कमळ. फरक एवढाच, की कोणत्या हातात काय. देवाच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा आणि शेवटी खालचा डावा; आपण प्रदक्षिणा घालतो तशी नजर फिरवायची. गदा, चक्र, शंख, कमळ असे आले तर तो माधव. तेच उलटे, कमळ, शंख, चक्र, गदा असे आले तर तो केशव. ओताऱ्याच्या बापाला सही करता येत नव्हती, पण गाढ झोपेतून उठवले तरी चोविसांचे क्रम धडाधड म्हणून दाखवायचा.

"चेहऱ्यावर जाऊ नकोस," बाप म्हणायचा. "चेहरा सगळ्यांचाच गोड असतो. हातात काय आहे ते बघ. आणि त्यातही खालचा उजवा बघ. तो देण्याचा हात. त्यात जे असेल ते देव आधी देतो. केशव कमळ देतो, जिवाला शांत करतो. माधवाच्या त्या हातात गदा. तो राखण करतो."

बापाने घालून दिलेली आणखी एक रीत होती. मेणाच्या मूर्तीच्या हातांत या वस्तू बसवताना कारागिराने देवाच्या पाठीशी बसायचे. समोर बसले की देवाचा उजवा तो आपला डावा होतो, आणि माणूस दमलेला असला की फसतो. पाठीशी बसले म्हणजे त्याचा उजवा तोच आपला उजवा. ओतारी जन्मभर असाच बसत आला होता. त्याचे डोके विसरले असते, पण हात विसरले नसते.

देवळात पोचला तेव्हा दुपारची वेळ होती आणि दार लावून घेतलेले होते. दार उघडले ते पुजाऱ्याने; तरुण होता, बोलघेवडा. फरशी गार लागते म्हणून पायात लोकरी मोजे घालून वावरत होता.

"या, या! घरच्याच देवाकडे यायला एवढा उशीर? काकू तर रोज येतात. सगळ्यांच्या नंतर जातात. त्यांचं आणि देवाचं काय एवढं बोलणं चालतं, देव जाणे!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो हसला.

बोलता बोलता त्याने हार उतरवले, वस्त्रे उतरवली आणि समई जवळ आणून ठेवली. ओताऱ्याने मूर्तीच्या तोंडाकडे पाहिले नाही. सवयीने तो सरळ मागे गेला, देवाच्या पाठीशी बसला आणि दोन्ही हात पुढे घालून टेप खालच्या उजव्या मनगटाभोवती फिरवली. मनगट झाले. मग बोटे पुढे सरकली, गदेची गोल मूठ चाचपायला.

बोटांना पाकळ्या लागल्या.

त्याने हात मागे घेतला. पुन्हा घातला. पाकळ्याच. कडा अगदी नीट घासलेल्या, एकीवर एक. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला, समोर आला आणि समईच्या उजेडात एकेक हात वाचला. कमळ. शंख. चक्र. गदा.

"हा कोण?" ओतारी म्हणाला.

"कोण म्हणजे?" पुजाऱ्याने मोजे वर ओढले. "माधव! खाली पाटीवर लिहिलंय की."

"तुम्ही रोज न्हाऊ घालता याला. हात कधी पाहिले नाहीत?"

"हात काय पाहायचे? मी हात जोडायचे, त्याने आशीर्वाद द्यायचा. का हो, काही चुकलंय का?"

"नाही," ओतारी म्हणाला. "जरा काळं चढलंय एवढंच."

त्याने बाकीची मापे घेतली. कागदावरचे आकडे वेडेवाकडे आले, पण आले. बाहेर पडताना त्याच्या एका पायात वहाण होती आणि दुसरी हातात. कोपऱ्यावर आल्यावर ते त्याच्या लक्षात आले.

सव्वीस वर्षांपूर्वी काय झाले होते ते त्याला आता लख्ख दिसत होते.

त्यांना एकच मुलगी होती, सात वर्षांची. चार महिने तिच्या अंगातला ताप हटत नव्हता. आज उतरला म्हणावे तर उद्या पुन्हा हजर. तिला एकटे ठेवायला नको म्हणून ओताऱ्याने तिची खाट कामाच्या खोलीत खिडकीखाली आणून टाकली होती. माधवाच्या मूर्तीचे मेण तयार होते, हातांतल्या चार वस्तू तेवढ्या बसवायच्या राहिल्या होत्या. रीतीप्रमाणे देवाच्या पाठीशी बसावे तर पोरीकडे पाठ होत होती. म्हणून त्याने स्टूल उचलले आणि समोर ठेवले. इथून मूर्तीच्या खांद्यावरून ती दिसत होती. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बाबा," ती पडल्या पडल्या म्हणाली, "याला चार हात. मग हा शर्ट कसा घालतो?"

"दोन घालतो. एकावर एक."

"मग वरच्या शर्टाच्या खाली खालच्या शर्टाचे हात अडकतात!"

"म्हणून तर उघडा उभा आहे बिचारा," ओतारी म्हणाला, आणि ती किती दिवसांनी खळखळून हसली. ती हसत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. बघता बघताच त्याने ऊन मेणाची गदा आपल्या उजव्या बाजूच्या हातात, म्हणजे देवाच्या डाव्यात, दाबून बसवली होती, आणि बाकीच्या तिन्ही वस्तू त्याच हिशेबाने.

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात हलवावे लागले. ओतारी तिच्या उशाशी बसला तो बसलाच. मूर्ती त्याच्या भावाने ओतली. कानस मारून, घासूनपुसून ती लखलखीत केली त्याच्या बायकोने, कारण मूर्ती बसवायचा दिवस ठरलेला होता. ओताऱ्याने ती धातूत पाहिलीच नाही. मूर्ती बसली आणि बायको रोज तिच्यासमोर जाऊन उभी राहू लागली, पोरीचा जीव मागायला. सहा आठवड्यांनी पोर गेली.

त्या दिवसापासून त्याने देवाशी बोलणे टाकले होते. मी तुला घडवले आणि तू माझे एवढेही केले नाहीस, एवढाच त्याचा दावा होता, आणि सव्वीस वर्षांत त्यावर कुणाला काही उत्तर देता आले नव्हते.

आता उत्तर सापडले होते. पोरीला राखणदार हवा होता. देवळात सगळे राखणदाराचे नाव घेत होते, त्याची बायकोही घेत होती, आणि उभा मात्र दुसराच होता. घरात नसलेल्या माणसाला दारातून हाका मारत राहावे, तसे झाले होते. देण्याच्या हातातली गदा ओताऱ्याने स्वतः काढून घेतली होती. देव सुटला आणि ओतारी सापडला. आणि खरे सांगायचे तर त्यात त्याला एक ओंगळ समाधानही मिळाले. जखम होती तेवढीच होती, पण निदान कारण मिळाले. बिनकारणाचे दुःख फार जड असते. त्याला धरायला कुठे कडीच नसते.

प्रश्न बायकोचा होता. तिला सांगायचे कसे? सव्वीस वर्षे रोज सकाळी ती जात होती. तुझी एकेक हाक वाया गेली, आणि माझ्यामुळे गेली, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि न सांगावे तर उद्या सकाळी ती पुन्हा जाणार, पुन्हा त्या चुकीसमोर हात जोडणार, आणि आता ते ठाऊक असूनही तो तिला जाऊ देणार.

भट्टीवर पुतण्याने कागद हातात घेतला. "खालच्या उजव्यात काय आहे म्हणालात?"

"कमळ."

"कमळ," पुतण्याने मान वर न करता लिहून घेतले. त्याने चोवीस क्रम पाठ केले नव्हते, त्याच्याकडे छापील तक्ता होता, आणि तो तक्ता बहुतेक चहाच्या कपाखाली असायचा.

चार दिवस गेले. सकाळी बायको चपला सरकवू लागली की ओतारी दारापर्यंत यायचा, घसा खाकरायचा, आणि म्हणायचा, "छत्री घे."

"ऊन पडलंय."

"मग उन्हाला घे."

तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "पोट साफ होत नाहीये का? चेहरा असा काय, लग्नाच्या फोटोतल्यासारखा?"

"काही नाही."

"मला फसवता? पंचेचाळीस वर्षं हेच तोंड बघतेय. त्यात आता नवीन काही उगवलं तर मला दिसणार नाही होय?"

पाचव्या दिवशी दुपारी ती ओट्याशी पाटावर बसून मटारच्या शेंगा सोलत होती. दाणे पातेल्यात टपटप पडत होते. ओतारी समोर येऊन बसला. त्याने एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती हातात फिरवत राहिला.

"मी देवळात गेलो होतो," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "ठाऊक आहे. पुजारी सांगत होता. एका पायात वहाण घालून गेलात म्हणे."

"ऐक माझं. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने पुन्हा बोलवणार नाही." आणि त्याने सांगितले. खाट, स्टूल, समोर बसणे, गदा कुठे गेली आणि कमळ कुठे आले, सगळे. "तू माधवाला हाका मारत राहिलीस आणि तिथे माधव नव्हताच. मी नव्हता ठेवला. तू ज्याला राखण करायला सांगत होतीस त्याच्या हातातली गदा मीच काढली होती. पोर माझ्यामुळे गेली. इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावलो, आणि..."

तो आता तिच्याकडून काहीही ऐकायला तयार होता. तिने पातेले फेकून मारले असते तरी त्याला बरे वाटले असते.

"मला माहीत होतं," बायको म्हणाली.

"काय?"

"हात उलटे झालेत ते. कानस मारायला घेतली तेव्हाच पाहिलं. त्या पाकळ्या कुणी घासल्यात, वाटतं तुम्हाला? मी. कमळ घासताना गदा घासतेय असं वाटायला मी काय आंधळी होते? मामंजींनी चोवीस नावं मलाही पाठ करून घेतली होती. तुमच्यापेक्षा लवकर झाली होती माझी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्ही तिच्या उशाशी होतात. चार दिवस अंगात तोच सदरा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तडक उठून आला असतात, मूर्ती वितळवून पुन्हा मेणापासून सुरुवात केली असतीत. पोरीजवळून उठला असतात. खरं सांगा, उठला असतात की नाही?"

तो उठला असता. दोघांनाही ते ठाऊक होते.

"तिला तुम्ही समोर लागायचात," ती म्हणाली. "झोपेतून जागी झाली की आधी तुम्हाला शोधायची. मी म्हटलं, देव उलटा तर उलटा. बाप जागेवर राहू दे."

"पण तू तिथे जाऊन..."

"मी तिथे जाऊन एकदाही माधव म्हटलं नाही. सगळे माधव म्हणायचे, मी केशव म्हणायचे, मनात. समोर उभा आहे त्यालाच हाक मारली मी. चुकीच्या नावाने नाही मारली."

"पण गदा डाव्या हातात होती. देण्याच्या हातात कमळ होतं."

"म्हणून काय झालं? त्याला सांगितलं मी, शांती नको मला, कमळ ठेव बाजूला आणि ती गदा घे उजव्या हातात. देवाला या हातातलं त्या हातात घ्यायला वेळ तो किती लागतो?" तिने शेंग मोडली. "मला पळी बदलायला लागतो तेवढासुद्धा नाही."

"म्हणजे तुझं त्याला ऐकू गेलं होतं," ओतारी हळूहळू म्हणाला.

"गेलं होतं."

"मग?"

"मग काय?" आता तिचा आवाज चढला. "मग काय, ते मी सव्वीस वर्षं विचारतेय. तुम्हाला चार दिवसांत उत्तर सापडलं होय? हुशारच की!"

ओताऱ्याच्या हातातली शेंग खाली पडली. पाच दिवस ज्याला धरून तो उभा होता ते तिने काढून घेतले होते. पुन्हा तेच जुने, बिनकडीचे ओझे, आणि आता त्यात रागसुद्धा राहिला नव्हता.

"माझी चूक असू दे की गं," तो म्हणाला. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, पण मागणे लहान मुलासारखे. "माझीच असू दे."

"नाही," ती म्हणाली. "तसं असतं तर मी तुम्हाला केव्हाच सांगितलं असतं. मन भरून भांडले असते. नव्हती तुमची चूक. कुणाचीच नव्हती. तेच तर गिळवत नाही."

त्याने विचारले, "मग रोज कशाला जातेस? ऐकू जातं आणि करत काही नाही, त्याच्याकडे?"

"बोलायला जाते."

"काय बोलतेस?"

"तिच्याबद्दल." तिने पदराने हात पुसले. "पहिल्याच महिन्यात तुम्ही सांगितलंत, या घरात तिचं नाव काढायचं नाही. नाही काढलं. पण कुठेतरी काढायला हवं ना हो? माझ्या तोंडात कुजलं असतं ते. तिथे काढते. मोठ्याने नाही, पण काढते. आता केवढी आहे, काय करतेय, ते सांगते त्याला. त्याच्या पदरात आहे, तर त्याला माहीत असायला नको?"

ओताऱ्याने मान खाली घातली. आपण असे सांगितले होते, हे त्याला आठवत होते. तिने ते इतके अक्षरशः पाळले, हे त्याच्या कधी ध्यानातच आले नव्हते. घरातली शांतता म्हणजे तिलाही तेच हवे आहे, असे तो धरून चालला होता.

"केवढी झाली असती आता?" त्याने विचारले.

"झाली असती काय? झालीय. तेहतीस."

"तेहतीस," तो म्हणाला. आकडा त्याला मोठा वाटला. सात वर्षांपुढे त्याने कधी मोजलेच नव्हते.

"शिकवते. लहान मुलांना. पण ओरडते फार, गुण तुमचे. केस लांब ठेवलेत, पार कमरेपर्यंत. मी म्हणते रोज वेणी घाल, तर ऐकत नाही."

"लांब? शक्यच नाही."

"का शक्य नाही?"

"डोक्याला फणी लावू द्यायची का कधी? कात्रीने स्वतःच कापून टाकले होते एकदा, पार कानापर्यंत. लांब केस ठेवणारी मुलगीच नाही ती."

"ते लहानपणी. मोठेपणी मुली बदलतात."

"भिंगरी नाही बदलायची," ओतारी म्हणाला.

ते नाव सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात निघाले. त्याचे स्वतःचेच तोंड उघडे राहिले होते. बायकोच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती, तीत पाच दाणे होते, आणि ती त्या दाण्यांकडे टक लावून बघत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळून पातेल्यात पडले. तिने ते पुसले नाही.

"बदलते," ती म्हणाली, आणि आवाज सापडल्यावर तिने भांडण तसेच पुढे चालू केले. "तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कुठे होतात इतकी वर्षं?"

ओताऱ्याने खाली पडलेली शेंग उचलली.

"बरं, लांब तर लांब," तो म्हणाला. "मग पुढे?"